आधी गोळी, मग लोटा

हैदराबादच्या आमच्या क्षयरोग दवाखान्यात एक्स-रे काढणारे जे गृहस्थ होते, त्यांना कोणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. रोगी त्यांना फोटोमास्तर म्हणत. चिक्कडपल्लीच्या लोकांच्या लेखी तो एक्स-रे नव्हताच, छातीचा फोटो होता. काही जण तर फोटोसाठी डोक्याला तेल चोपडून, भांग पाडून येत. मास्तर हसत नसत. "छान दिसालाव," असं म्हणून खांदे सरळ करत आणि मशीनमागे जाऊन ओरडत, "श्वास धरा!" रोग्याबरोबर स्वतःही श्वास धरून उभे राहत. दिवसभरात जितके फोटो, तितक्या वेळा. त्याची काही गरज नाही, हे कंपाउंडरनं त्यांना कितीतरी वेळा सांगितलं होतं. "त्याला एकट्याला कामून धरायला लावायचा?" एवढंच त्यांचं उत्तर.

मी तिथं हेल्थ व्हिजिटर होते. म्हणजे पांढरी साडी, खांद्याला पिशवी, आणि घरोघरी फिरून कोण गोळ्या घेतं, कोण पाण्यात टाकतं, याची चौकशी. वय चोवीस. त्या वयात माणसाला सगळं कळत असतं. पुढं हळूहळू कमी कळायला लागतं.

मास्तर पन्नाशीचे, मूळचे नांदेडकडच्या शेतकरी घरातले, पण शिकलेले सगळे उर्दूतून. पोलीस ॲक्शननंतर हैदराबादेतल्या बहुतेक नोकरदारांनी आपल्या शेरवान्या ट्रंकेच्या तळाशी घातल्या आणि बुशशर्ट शिवले. मास्तरांनी शेरवानी सोडली नाही. भर मे महिन्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेली. फोटो धुण्याच्या औषधाचे तिच्यावर इतके डाग पडले होते की तिचा मूळ रंग कोणता, यावर मी आणि कंपाउंडर नेहमी भांडायचो. उजव्या खिशात भाजलेल्या शेंगा. खोकणारा पोरगा असो की म्हातारा, त्याच्या हातावर मूठभर पडायच्याच. डावा खिसाही कायम फुगलेला, पण त्यात हात घालताना ते आमच्याकडं पाठ करत. दाखवत नाहीत त्या अर्थी बाटलीच असणार, असं आम्ही आपापसात ठरवून टाकलं होतं. शिवाय सकाळी सकाळी त्या शेरवानीला सेंदीचा आंबूस वास यायचा. शिंदीच्या झाडाची ती ताडीसारखी सेंदी, हैदराबादच्या गोरगरिबांचं संध्याकाळचं पेय. तिला दारू म्हटलेलं पिणाऱ्यांना मुळीच खपायचं नाही.

ओले फोटो व्हरांड्यात दोरीला चिमट्यांनी टांगलेले असत. मास्तर हात मागे बांधून त्यांच्यासमोरून फिरत आणि त्यांच्याशी बोलत. "तुम्ही लई उशिरा आलाव, राव." पुढच्याला, "हौ हौ, सुधारले. अशेच राहा." मला आधी हसू यायचं. मग एके दिवशी त्यांनी एका फोटोसमोर थांबून "आता कुठं बसालाव? लोटे किती?" असं विचारलं आणि मी कान टवकारले.

आमच्या छापील फॉर्मवर एक रकाना होता: दारू पितो का. तो भरणं माझं काम. मी टेबलाशी बसून, पेन उगारून, प्रत्येकाला विचारायची, "दारू पिता का?" शेजारी बायको नाहीतर आई उभी. तो म्हणायचा, "छे छे, नक्को अम्मा." मी लिहायची, नाही. माझ्या फॉर्मांवर विश्वास ठेवायचा तर चिक्कडपल्लीपासून नामपल्लीपर्यंत सगळे संतच राहत होते.

मास्तर तसं विचारत नसत. ते आधी बायकोला पाणी आणायला पिटाळत. मग शेंगा सोलता सोलता म्हणत, "कोणत्या सेंदीखान्यात बसता? पुलाजवळच्या की बाजारातल्या?" आणि तो आपणहून सांगायचा. कोणत्या, किती वाजता, सोबत कोण, आणि बाजारातला सेंदीवाला गौड कसं पाणी घालतो तेही. मी चिडून म्हटलं, "मला खोटं सांगतात आणि तुम्हाला बरं खरं सांगतात!"

"बाई," मास्तर म्हणाले, "'पिता का' म्हणून विचारणारा उत्तर विचारत नाही, 'नाही' मागतो. तुम्ही मागता, ते देतात. रीतीची माणसं आहेत."

त्याच दिवशी त्यांनी मला दोन फोटो खिडकीला लावून दाखवले. सख्ख्या भावांचे. एका खोलीत राहणारे, एकाच लाकडाच्या अड्ड्यावर काम करणारे, रोगही दोघांना एकाच हिवाळ्यात झालेला. एकाच्या फुप्फुसाच्या टोकाला नुसता धुरकट डाग. दुसऱ्याच्या तिथं लिंबाएवढं भोक, आणि दुसऱ्या बाजूलाही पसरत चाललेलं.

"दुसरा पितो," मी म्हणाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"पितो. सेंदीनं जंतू येत नाहीत. ते खोकणाऱ्याकडून येतात, आणि सेंदीखान्यात एकाला एक चिकटून बसलेले असतात. पण पिणाऱ्याची भूक मरते. अंगात काही राहत नाही. संध्याकाळची गोळी लोट्यात बुडते. खोकला आला तरी 'कालची जास्त झाली' म्हणून घरीच बसतो, आणि इथं येतो तेव्हा हे भोक घेऊन येतो." मग फोटो खिडकीवरून काढत म्हणाले, "पण बाई, उलटंही असतं. रात्रभर खोकला झोपू देत नाही म्हणूनही माणूस पितो. कोण आधी आलं ते फोटोत दिसत नाही. म्हणून नुसता फोटो बघून माणसावर चिडू नये."

मी मात्र चिडलेलीच होते. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, रेल्वेच्या कारखान्यात होता. त्याला क्षय झाला. तो पीत होता. दोन वर्षांत गेला. मी या नोकरीत आले ती त्याच्यामुळं. आणि दादा रोगानं गेला असं मी कधी म्हणत नसे, दारूनं गेला म्हणत असे. मग छप्पन सालच्या दसऱ्याला आई-बाबांबरोबर नागपूरला जाऊन आम्ही दीक्षा घेतली. लाखो माणसांत उभं राहून मी म्हटलं, मी खोटं बोलणार नाही, मी दारू पिणार नाही. दादा असता तर त्यानंही म्हटलं असतं, असं वाटून मला तिथंच रडू फुटलं. परत आले ती अशी ताठ होऊन की पिणाऱ्याच्या सावलीचाही मला विटाळ वाटायला लागला. विटाळ म्हणजे काय हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलं त्यांच्याच घरची मी, पण तेव्हा हे माझ्या ध्यानात आलं नाही.

ते दिवसच वाटणीचे होते. हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार होते. मराठी मुलूख मुंबई राज्याला, कानडी म्हैसूरला, तेलंगणा आंध्राला. कचेऱ्यांतली माणसंही तशीच वाटली जात होती. माझा जन्म हैदराबादचा, माझा प्रश्न नव्हता. मास्तरांचं नाव नांदेडच्या यादीत लागलं. इथंच राहायचं तर अर्ज करायचा आणि त्यावर मोठ्या डॉक्टरसाहेबांची शिफारस घ्यायची. मास्तरांनी अर्ज केला. सगळ्यांना नवल वाटलं. त्यांची बहीण, शेत, भाचे सगळं नांदेडकडं. हैदराबादेत एक भाड्याची खोली आणि ती शेरवानी.

"इथं तुमचं काय ठेवलंय हो?" कंपाउंडरनं विचारलं.

"फोटो वाळायचेत अजून," मास्तर म्हणाले.

नागपूरहून आल्यानंतरच्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी एका रोग्याच्या घरून परतताना मी पुलाजवळच्या सेंदीखान्यावरून चालले होते. तट्ट्याच्या कुडाआड माणसं उकिडवी बसलेली, समोर मडकी. आणि मधोमध बाकावर आमचे मास्तर, शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत, पुढ्यात लोटा. शेजारी यादगिरी. हा यादगिरी लाकडाच्या अड्ड्यावर हातगाडी ओढणारा, त्या दोन भावांतला लिंबाएवढं भोक असलेला. माझ्या फॉर्मवर 'नाही' म्हणणारा. मास्तरांचा हात डाव्या खिशात होता. मला पुढचं बघायची गरज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरसाहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं. डॉक्टरसाहेब वाईट माणूस नव्हते. औषधं अपुरी यायची, रांग मोठी, म्हणून त्यांनी एक नियम केला होता: जो पितो त्याच्यावर औषध वाया जातं, त्याचं नाव कापायचं. पूर्वी एकदा मास्तरांनी एका रोग्याबद्दल खरं ते सांगून टाकलं होतं, 'हा पितो, याच्याकडं जरा जास्त बघायला पाहिजे' म्हणून. त्या माणसाचं नाव त्याच दिवशी कापलं गेलं. हे मला पुष्कळ पुढं कळलं.

मास्तरांना बोलावलं. मीही तिथंच भिंतीशी उभी होते.

"सेंदीखान्यात बसता?" साहेबांनी विचारलं.

"हौ साहेब."

"रोज?"

"रोज."

"कशासाठी?"

मास्तर गप्प. फोटो काढताना धरत तसा त्यांनी श्वास धरला होता. साहेब म्हणाले, "खिशात काय आहे?" मास्तरांनी डाव्या खिशावर पंजा ठेवला. "ते माझं खाजगी आहे, साहेब." साहेबांनी त्यांचा अर्ज घडी करून बाजूला ठेवला. मास्तरांनी सलाम केला आणि बाहेर जाऊन पुढच्या रोग्याचे खांदे सरळ केले.

जाण्याच्या दिवशी ते सगळ्यांना भेटले. दोरीवरच्या फोटोंनाही एकदा बघून आले. माझ्या ओंजळीत शेंगा घातल्या आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, संध्याकाळी कधी जमलं तर पुलाजवळच्या सेंदीखान्याकडं चक्कर मारा." तक्रार मी केली हे त्यांना माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. मला वाटलं, टोमणा मारताहेत. मी शेंगा टेबलावर ठेवून दिल्या. काचीगुडा स्टेशनवर पोचवायला कंपाउंडर गेला, मी गेले नाही.

पुढं नामपल्लीचं प्रदर्शन भरलं, म्हणजे जानेवारी लागला. एक दिवस कंपाउंडर म्हणाला, "तुमच्या रजिस्टरातली अकरा माणसं गायब आहेत. दोन महिने झाले, कोणी आलंच नाही." पूर्वी त्या अकरा जणांच्या आठवड्याच्या पुड्या मास्तरच सही करून नेत. "रस्त्यात देतो," म्हणत. मी यादी घेऊन निघाले. पहिलं घर यादगिरीचं. यादगिरी दारात बसला होता. दोन महिन्यांत अर्धा झालेला.

"मास्तरसाब कब आते, अम्मा?" त्यानं मला बघताच विचारलं.

"गोळ्या घ्यायला का आला नाहीस?"

"गोली तो वां मिलती थी. पुल के पास."

मी तशीच पुलाजवळ गेले. आयुष्यात पहिल्यांदा सेंदीखान्यात पाय ठेवला, नाकाला पदर लावून. सेंदी विकणारा गौड म्हातारा होता. मी दवाखान्याची म्हटल्यावर तो आत गेला आणि एक चपटा पत्र्याचा डबा घेऊन आला. बघताक्षणी मी ओळखलं. डाव्या खिशाचा आकार बरोबर तसाच होता.

डब्यात कागदाच्या अकरा पुड्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येकीवर शाईनं चित्र काढलेलं. न्हाव्याचा वस्तरा, परटाची इस्त्री, कोणाची करवत. यादगिरीच्या पुडीवर चाक. मास्तर गेले त्या आठवड्याच्या गोळ्या संपून बहुतेक पुड्या रिकाम्या झाल्या होत्या.

"जाने के दिन दे गए," गौड म्हणाला. "बोले, कोई आएगा. मैं रोज देखता बैठा, कोई नै आया."

त्यानं सांगितलं ते असं. मास्तर रोज संध्याकाळी यायचे, बाकावर बसायचे. ज्याची त्याची पुडी काढायचे. जो गोळी गिळून, तोंड उघडून दाखवील, आणि वर मूठभर शेंगा खाईल, त्यालाच गौड सेंदी ओतायचा. पहले गोली, बाद में लोटा, असा तिथला कायदा होता. मास्तरांपुढचा लोटा पाण्याचा असायचा.

"पीते नै थे?" मी विचारलं.

"एक दिन भी नै."

"आणि तुम्ही का ऐकलंत त्यांचं? तुमचं गिऱ्हाईक कमी होईल की."

गौड हसला. "जिंदा रहेगा तो पियेगा ना, अम्मा? मरा हुआ गिराइक मेरे किस काम का? और सच बोलूं तो, मास्तर बैठने लगे तब से ये लोगां दो की जगह एक लोटे पे उठने लगे थे. शेंगां से पेट भर जाता था."

मी त्याच बाकावर बसले. मास्तर साहेबांपुढं गप्प का राहिले ते आता मला कळलं. 'कशासाठी बसता' याचं खरं उत्तर दिलं असतं तर ही अकरा माणसं पितात हे साहेबांना कळलं असतं, आणि अकराही नावं कापली गेली असती. माझ्या खोट्या फॉर्मांच्या आडोशाला त्यांची औषधं चालू होती. मास्तरांनी आपली नोकरीची जागा दिली, अब्रू दिली, पण डबा उघडला नाही. आणि मी, दारूवर रागावलेली, दादाच्या नावानं रडणारी, मी अकरा दादांच्या तोंडची गोळी काढून घेतली होती. लाज वाटली म्हणणं पुरेसं नाही. मला त्या दिवशी स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढं जाऊन सगळं सांगितलं. म्हटलं, "हे अकराही जण पितात. आजपासून रोज संध्याकाळी मी तिथं बसणार. एक गोळी वाया गेली तर मला काढा." साहेबांनी रजिस्टर पुढं ओढून ती अकरा नावं वाचली. मग म्हणाले, "मास्तर हे तोंडानं सांगू शकत नव्हते?" आणि स्वतःच मान हलवली. "नाही. मी ऐकलं नसतं." त्यांनी अकरा नवे फॉर्म मागवले. त्या रकान्यात मी अकरा वेळा 'हो' लिहिलं आणि साहेबांनी सह्या केल्या.

मग मी सेंदीखान्यात जायला लागले. वस्तीत कुजबुज झालीच. दीक्षा घेतलेली पोर, पांढऱ्या साडीत, सेंदीखान्यात! बाबांच्या कानावर गेलं. त्यांनी मला एकच विचारलं, "तिथं तू काय करतेस?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग उद्यापासून शेंगा घरून भाजून ने. बाजारातल्या जळक्या असतात." आईनं दोन शेर शेंगा भाजून ठेवल्या.

अकरापैकी आठ जण पुढं चांगले धडधाकट झाले. वस्तऱ्यावाल्यानं तर माझ्या लग्नात नवऱ्याची दाढी केली. पण यादगिरीचं भोक त्या दोन महिन्यांत फार मोठं झालं होतं. त्याचा भाऊ त्याला हातगाडीवर घालून आणायचा. सेंदी त्यानं सोडून दिली होती, तरी पुलाजवळच गोळी घ्यायचा हट्ट. गिळून झाली की तोंड उघडून मला दाखवायचा आणि विचारायचा, "मास्तरसाब कब आते?"

उन्हाळ्याच्या तोंडाला मी मास्तरांना पत्र घातलं. धीर होत नव्हता, पण घातलं. तक्रार मी केली होती, जानेवारीपर्यंत तिकडं कोणीही फिरकलं नाही, आता डबा माझ्याकडं आहे, मला क्षमा करा. एवढंच लिहिलं. यादगिरीबद्दल लिहायला हात चालला नाही.

उत्तराचं पोस्टकार्ड आलं ते यादगिरी गेल्याच्या चौथ्या दिवशी. गौडच्या बाकावर बसून मी ते वाचलं. उर्दूत शिकलेल्या माणसाचं मराठी, अक्षरं एकेक करून मांडलेली.

"बाई, खत मिळालं. इथलं मशीन जुनं आहे, पण लोक तेच. शेंगा इकडं गोड असतात, पाठवतो. आईबाबांना नमस्कार." तक्रारीबद्दल अवाक्षर नाही. तळाशी एक चाक काढलेलं, आणि त्याच्यापुढं, "गोळी घेतो का?"

मी तिथंच पिशवीतून कार्ड काढलं आणि लिहिलं, "घेतो." दीक्षेत दारू पिणार नाही म्हटलं होतं तसं खोटं बोलणार नाही असंही म्हटलं होतं. ते त्या दिवशी मोडलं. कोपऱ्यावरच्या पेटीत कार्ड टाकून परत आले आणि डबा उघडून वस्तऱ्याची पुडी काढली. तेव्हा एकदम लक्षात आलं. यादगिरीच्या छातीचा फोटो मास्तरांनी स्वतः काढला होता. दोन महिने गोळी चुकली की तिचं काय होतं, हे कळायला त्यांना माझं पत्र लागणार नव्हतं. आणि खरं जाणून घ्यायचं असलं की ते कधी असं विचारत नसत. आयुष्यात त्या एकाच वेळी त्यांनी माझ्या 'पिता का'सारखा प्रश्न विचारला होता.